माळ्यावर नको, शोकेसमध्येही नको

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'जुनं काही आणू नका' हा. इंटिरिअर करणारा तेच सांगतो, ओळखीपाळखीचे तेच सांगतात आणि मोबाइलवर दिवसभर येणारे व्हिडिओही तेच सांगतात. भिंती पांढऱ्या किंवा बिस्किटी, फर्निचर सगळं एका रंगाचं, ओट्यावर एकही भांडं दिसता कामा नये, वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. मग आजीच्या शिवणाच्या मशीनचं काय, आजोबांच्या हत्यारांच्या पेटीचं काय, आईच्या पितळी डब्यांचं काय, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं : फोटो काढून ठेवा आणि देऊन टाका.

हा सल्ला चुकीचा आहे. त्यामागे जे युक्तिवाद दिले जातात ते समंजस माणसं देतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. जागा नाही, आठवण मनात असते, जुन्या वस्तूंची उठाठेव शेवटी बाईच्याच गळ्यात पडते, आणि वारसा वगैरे गोष्टी वाडेवाल्यांनी कराव्यात, हे ते चार युक्तिवाद. यांतले तिसरा आणि चौथा मला फार गंभीर वाटतात. पण या चार युक्तिवादांच्या पलीकडे आणखी काही मंडळी आहेत, ज्यांना जुन्या वस्तू हव्या असतात, पण फक्त दिसायला. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत वारशाने आलेल्या वस्तू या कामाच्या वस्तू आहेत. त्या कामात राहिल्या तरच वारसा म्हणून टिकतात, आणि त्यांना कामात ठेवायचं तर घरात काम करायला जागा लागते. आजीची वस्तू आणि आपली स्वतःची काही घडवण्याची जागा हे दोन वेगळे विषय धरले की दोन्ही हातचे जातात.

आधी या 'मोकळ्या घरा'च्या आधारस्तंभांकडे पाहू. मारी कोंडो या जपानी लेखिकेचं नाव आपल्याकडे २०१९ साली नेटफ्लिक्सवरच्या मालिकेमुळे घरोघर पोचलं, आणि 'आनंद देत नसेल तर टाका' एवढंच तिच्या नावावर जमा झालं. तिच्या पद्धतीत वस्तू आवरण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ सामान आणि सर्वांत शेवटी भावनेच्या वस्तू. आठवणींच्या वस्तूंबद्दल निर्णय घेणं सगळ्यांत अवघड, तेव्हा बाकी सगळ्यावर हात बसल्यावरच त्यांना हात घाला, असं ती सांगते. आपल्याकडे मात्र पेंटर यायच्या आदल्या दिवशी भंगारवाल्याला बोलावतात आणि सुरुवातच माळ्यावरच्या पितळेपासून होते. किलोच्या भावाने जाणारी वस्तू म्हणून पितळ आधी जातं. कपड्यांची चार कपाटं जागेवर राहतात.

दुसरा आधार दिला जातो तो युरोपातल्या आधुनिक वास्तुकलेचा. ॲडॉल्फ लूस या व्हिएन्नाच्या वास्तुकाराने १९१०च्या सुमारास अलंकरणाला गुन्ह्याच्या पंगतीला बसवलं, आणि तिथून पुढे साध्या, कोऱ्या भिंतींना तात्त्विक प्रतिष्ठा मिळाली. पण त्याच लूसने १९०० साली एक गोष्ट लिहिली होती. एक श्रीमंत माणूस आपलं घर नामांकित वास्तुकाराकडून सजवून घेतो. घरातली प्रत्येक वस्तू, तिची जागा, अगदी पायातल्या सपातासुद्धा वास्तुकाराने ठरवलेल्या. वाढदिवसाला बायको-मुलं त्याला भेटवस्तू देतात. वास्तुकार येतो आणि संतापतो : मी तुमचं घर पूर्ण केलं आहे, आता तुम्ही भेट घेताच कशी? नातवाने बालवाडीत केलेली वस्तूसुद्धा घेता येणार नाही, असं तो बजावतो. आणि त्या माणसाच्या लक्षात येतं, की आपल्या आयुष्यात यापुढे काही नवीन यायचं नाही. अलंकरणाच्या सर्वांत कडव्या विरोधकाने ही गोष्ट लिहिली. घर कोणी दुसऱ्याने 'पूर्ण' करून देण्याची वस्तू नाही, हे त्याला कळत होतं. शंभरावर वर्षांनी आपण पैसे मोजून त्या श्रीमंत माणसाच्या जागी जाऊन बसतो आहोत.

आता पहिला युक्तिवाद : जागा नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत दोन-दोन पिढ्या राहिल्या. त्याच खोलीत देव होते, माळा होता, धान्याचा पिंप होता, खिडकीखाली शिवणाचं मशीन होतं, गणपतीच्या दिवसांत मखरही होतं. आता पुनर्विकासात त्याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. जागा तिपटीने वाढली आणि मशीन ठेवायला जागा नाही, हे गणित जुळत नाही. जागा जाते ती एल आकाराच्या सोफ्यात, टीव्हीमागच्या पॅनेलमध्ये आणि हॉलच्या मधोमध ठेवलेल्या काचेच्या टेबलात. आठ फूट बाय सहा फुटांचा सोफा जवळजवळ पन्नास चौरस फूट अडवतो, आणि त्यावर रोज बसणारी माणसं दोन किंवा तीन. पायाचं शिवणाचं मशीन तीन फूट बाय दीड फुटांत मावतं. पाहुणे येतील म्हणून आपण अर्धा हॉल राखून ठेवतो आणि घरात रोज राहणाऱ्याला कोपरा देत नाही. जागेची टंचाई खरी आहे, मुंबई-पुण्यात ती कोणी नाकारणार नाही. म्हणूनच ती कोणावर खर्च करायची याचा हिशोब चोख हवा.

याच युक्तिवादाची एक पुरवणी असते : जुनं फर्निचर नव्याशी जुळत नाही. जुळत नाही हे खरं, कारण दोन्ही वेगळ्या मालाची आहेत. आजचं बरंचसं फर्निचर एमडीएफचं किंवा पार्टिकल बोर्डचं असतं, वर सनमायका. एकदा पाणी मुरलं की ते फुगतं, आणि फुगलेल्या बोर्डाला सुतार रंधा मारू शकत नाही, तो फक्त नवीन टाकू शकतो. जुन्या सागवानी कपाटाचा सांधा सुटला तर तो परत बसवता येतो, पृष्ठभाग तासता येतो, पॉलिश करता येतं. मुळात ते दुरुस्त होईल या हिशोबानेच केलेलं असतं. दहा-बारा वर्षांत बदलावं लागणाऱ्या वस्तूशी पन्नास वर्षं टिकलेली वस्तू जुळावी, ही अपेक्षाच उलटी आहे. आणि 'उद्या घर विकायचं झालं तर' म्हणून ते कोणाचंच वाटू नये असं ठेवणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे, की न आलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीने तुम्ही किती वर्षं राहणार?

दुसरा युक्तिवाद : आठवण मनात असते, वस्तूत नाही, तेव्हा फोटो पुरेसा आहे. हे ऐकायला फार उदात्त वाटतं. पण फोटोत नेमकं काय येतं ते पाहू. आमच्या घरी आजीचं पायाचं शिवणाचं मशीन आहे. त्याच्या लोखंडी पायदानावरची नक्षी एका बाजूला गुळगुळीत झाली आहे, कारण आजी उजवा पाय किंचित पुढे ठेवून मशीन चालवायची. लाकडी फळीवर कात्रीचे आणि मापाच्या खुणा काढण्याच्या चाकाचे ओरखडे आहेत. ड्रॉवरमध्ये बॉबिन, खडूचे तुकडे, वेगवेगळ्या रंगांची बटणं आणि तेलाची कुपी. चामड्याचा पट्टा सैल झाला की तो कापून परत पिनेने जोडायचा, हे त्या मशीनने घरातल्या तीन पिढ्यांना शिकवलं. आजी त्यावर आळीतल्या बायकांचे ब्लाउज आणि मुलींची परकर-पोलकी शिवायची, आणि त्या पैशांतून मुलांच्या शाळेची फी जायची. मशीनचा फोटो काढला तर त्यात मशीन दिसेल. पायाचा वेग आणि हाताने कापड सरकवण्याचा वेग जुळवायला लागतो, तो जुळला नाही की दोरा तुटतो, हे फोटोतून कळणार नाही. माझ्या भाचीला ते कळतं. ती आता त्यावर जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवते आणि तिचा दोरा आजीच्या काळात तुटायचा तसाच तुटतो. आजी तिने पाहिलेली नाही, पण आजीच्या कष्टाचा अंदाज घरात सर्वांत जास्त तिला आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हॉल्टन या अभ्यासकांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या तीनशेहून अधिक माणसांना विचारलं, की घरातल्या कोणत्या वस्तू तुम्हाला विशेष वाटतात आणि का. १९८१ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. वस्तूची किंमत किंवा देखणेपणा ही कारणं मागे पडली. वस्तू महत्त्वाची ठरत होती ती माणसांमुळे, नात्यांमुळे, त्या वस्तूसोबत काय केलं गेलं त्यामुळे. आठवण मनात असते हे बरोबरच आहे. पण ती मनात जागी व्हायला काहीतरी हाताला लागावं लागतं. मोबाइलमधल्या हजारो फोटोंत गेलेला डब्याचा फोटो कोणाच्याही हाताला लागत नाही.

इथे मला त्या दुसऱ्या मंडळींकडे वळायचं आहे, ज्यांना जुनं आवडतं. त्यांनी आजीच्या मशीनचं काय केलं आहे ते कोणत्याही 'हेरिटेज' थाटाच्या कॅफेत जाऊन बघावं. वरचं मशीन काढून टाकलेलं, खालच्या लोखंडी पायांवर काच बसवलेली, आणि त्यावर कॉफीचे कप. हीच पद्धत आता घरांत आली आहे. वाड्याच्या दाराची डायनिंग टेबलं होतात, जात्याच्या तळीत पाणी भरून फुलं सोडतात, घंगाळात कृत्रिम झाडं लावतात. जुन्या बाजारातून विकत आणलेल्या, कोणाच्या तरी घरातून किलोवर गेलेल्या तांब्या-पितळेला 'आमच्याकडची परंपरा' म्हणून दिव्याखाली ठेवतात. भिंतीवर वारलीचा स्टिकर चिकटवतात, आणि वारली चित्र मुळात त्या घरच्या बायकांनी लग्नासाठी स्वतःच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचं असतं, याचा त्यांना पत्ता नसतो. टाकून देणारा निदान वस्तू मोडत तरी नाही. तिचा उपयोग काढून घेऊन तिला भिंतीशी उभं करणारा तिला मोडतो आणि वर तिच्या जतनाचं श्रेय घेतो.

वस्तू वापरात राहून कशी टिकते, याचं सर्वांत चांगलं उदाहरण गोधडी आहे. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक पसरायची, वर ठिगळांची मांडणी करायची, आणि कडेकडेने धावदोरा घालत आतपर्यंत जायचं. गोधडी विरली की टाकत नाहीत, तिच्यावर नवं लुगडं घालून परत टाके मारतात. आतली जुनी गोधडी तशीच राहते. एका गोधडीत सासूचं लुगडं, सुनेची साडी आणि नातीचा फ्रॉक असा थरावर थर बसत जातो, आणि ती उबदार राहते ती त्या थरांमुळेच. ही गोधडी काचेच्या चौकटीत लावणाऱ्याने पुढचा थर थांबवला. तिच्यावर पांघरुणाचा हक्क असलेल्या पोराला त्याने पॉलिस्टरच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं.

तिसरा युक्तिवाद बायकांचा आहे आणि तो खरा आहे. चिंचेने पितळ घासून ज्यांचे हात फुटले, पाट्यावर वाटून ज्यांचे खांदे गेले, त्यांनी स्टेनलेस स्टील आणि मिक्सर आले तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. त्यांना 'जुनं किती छान होतं' हे सांगायचा अधिकार कोणालाही नाही. पुरुष वारसा मिरवणार आणि बाई तो घासणार, अशी वाटणी असेल तर ते सामान खरोखर बाहेर गेलेलं बरं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? वस्तू टाका हा एक निष्कर्ष झाला. घासणारे हात बदला हा दुसरा, आणि तो कोणी काढतच नाही. ज्याला आजोबांचं पितळ हवं त्याने ते घासावं, हा नियम घरात एकदा लागू केला की किती वस्तू ठेवायच्या हे आपोआप ठरतं. शिवाय दिसायला ठेवलेलं पितळ चमकवत बसावं लागतं, ते कायमचं कष्टाचं. रोजच्या वापरातलं भांडं रोजच्या भांड्यांबरोबर धुतलं जातं. त्यावर आलेला मंद काळसर रंग हा काही दोष नाही.

वापरायचं म्हटलं की कल्हई आली. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आतून कथलाचा थर हवा, नाहीतर ते कळकतं. आता कल्हईवाले शोधावे लागतात, पण काही गावांत आणि शहरांच्या जुन्या पेठांत ते अजून आहेत. भाता मारून निखारा फुलवायचा, भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील झरझर आतून फिरवायचं. काळवंडलेलं भांडं काही क्षणांत चांदीसारखं होतं. कथील फक्त २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला, एका छोट्या भट्टीवर होऊ शकतं. आपण भांडी शोकेसमध्ये नेली तेव्हा या माणसाचं पोट गेलं. पुण्याच्या तांबट आळीत अजून हातोडीने मठारकाम चालतं, तेही कोणीतरी भांडं वापरायला नेतं म्हणून. घरातलं एक पातेलं कामात ठेवलं तर त्याच्या मागे एक कारागीर उभा राहतो.

चौथा युक्तिवाद सर्वांत टोकदार आहे. वारसा म्हणजे हंड्या-झुंबरं, तलवारी, चौपाळा आणि पणजोबांचं तैलचित्र. हे ज्यांच्याकडे वाडे होते, वतनं होती त्यांच्याकडे. ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले, दुष्काळात गाव सोडून आले, धरणाखाली घर गेलं, त्यांनी कोणता वारसा मांडायचा? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं आहे.

त्याला माझं पहिलं उत्तर असं, की वारशाची ही व्याख्याच वाड्याच्या ओसरीवर बसून केलेली आहे आणि ती आपण नाकारली पाहिजे. पुण्यात दिनकर केळकरांनी शेकडो गावं पालथी घालून जो संग्रह उभा केला, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ज्याचं संग्रहालय झालं आणि जो त्यांनी १९७५ साली राज्य शासनाला देऊन टाकला, त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत. लोक तिथे जास्त वेळ रेंगाळतात ते दिवे, अडकित्ते, कुलपं आणि स्वयंपाकघरातली भांडी पाहताना. ज्यांचे कर्ते कोणालाच माहीत नाहीत अशा, सामान्य माणसांच्या हातांनी घडवलेल्या या वस्तू. कष्टकऱ्याच्या घरातली रापी, करवत, विळा, सूप, जातं, गोधडी ही तितकीच मोलाची आहेत.

दुसरं उत्तर : वारसा सुरूही करता येतो. ज्या समाजाच्या हातात शतकानुशतकं पुस्तक येऊ दिलं गेलं नाही, त्या समाजातून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते आपल्या हजारो पुस्तकांना जागा मिळावी हा हिशोब पुढे ठेवून. वडिलोपार्जित काही मांडायला नव्हतं, म्हणून त्यांनी घर कोरं ठेवलं नाही. आपल्या कामाभोवती त्यांनी घर रचलं आणि ते कामच पुढच्या पिढ्यांचा वारसा झालं. तिकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांच्याकडे चित्रकथीची जुनी चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या पिढीजात आल्या होत्या. २००६ साली त्यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. तिथे वस्तू नुसत्या टांगलेल्या नाहीत, बाहुल्या नाचवल्या जातात, शिकवल्या जातात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात हे होऊ शकत असेल, तर वारसा ही श्रीमंतांची चैन आहे हे म्हणणं टिकत नाही.

आणि तिसरं उत्तर, तेही तितक्याच ठामपणे : ज्या वस्तूत अपमान साठलेला आहे ती जपण्याचं बंधन कोणावरही नाही. वेठबिगारीची खूण, लाचारीची खूण, सासुरवासाची खूण घराबाहेर काढण्याचा हक्क त्या घराचा आहे. आपल्याला काय पुढे द्यायचं नाही, हे ठरवणंही वारशाचाच भाग आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. घरात काही घडवण्याची जागा म्हणजे काय? बायकांना पूर्वी अशी जागा होती आणि ती जात्यापाशी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बहिणाबाई चौधरींनी घरच्या आणि शेतातल्या कामाच्या ओघातच आपली गाणी रचली, आणि ती त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. पहाटे दळायचे कष्ट परत आणावेत असं कोणीही म्हणणार नाही. पण जातं गेलं तेव्हा त्या कष्टासोबत पहाटेचा तो एकांत आणि ती हक्काची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात घरातल्या बाईला दुसरी जागा कोणी दिली नाही. मुलांना अभ्यासाचं टेबल मिळालं, घरून काम करणाऱ्या पुरुषाला खुर्ची आणि कपाट मिळालं, देवांना कोनाडा मिळाला. तिला काय मिळालं? जेवणाचं टेबल, तेही जेवणं झाल्यावर आणि पुढचं जेवण वाढायच्या आत रिकामं करायच्या अटीवर.

माझ्या मते स्वतःच्या जागेची कसोटी एकच आहे : अर्धवट काम रात्रभर तसंच ठेवता येतं का? भरतकामाची सुई अर्ध्या टाक्यावर, चित्राचा कागद ओला, लाकडाचा तुकडा शिकंज्यात पकडलेला, लिहिलेली पानं उघडी. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन तिथूनच पुढे सुरू करतो. रोज सगळं आवरून कपाटात ठेवायचं आणि रोज नव्याने काढून मांडायचं असेल, तर अर्धा वेळ मांडण्यात जातो आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस काढणंच सोडून देतो. त्यासाठी स्वतंत्र खोली लागत नाही. खिडकीजवळ तीन फुटांची फळी, बाल्कनीचा एक कोपरा, पलंगाखालून ओढून काढता येईल असा पाट, एवढं पुरतं. फक्त त्यावर दुसऱ्या कोणी हात टाकायचा नाही, 'पाहुणे येताहेत, ते उचल' म्हणायचं नाही, हा घरातला करार हवा. सतत आवरलेलं घर ही अपेक्षा अशा प्रत्येक अर्धवट कामाच्या विरुद्ध आहे. म्हणून कोऱ्या, चकचकीत घराला माझा विरोध आहे. त्यात कोणाचं काही चाललेलं दिसत नाही.

जुनी वस्तू आणि नवं काम यांची गाठ इथे पडते. आजीचं मशीन तिच्या नातीच्या कोपऱ्यात असलं तर त्याला जागा का द्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही. आजोबांचा रंधा आणि पटाशी नातवाच्या फळीवर असली तर ती गंजत नाही. आईचा सोऱ्या दिवाळीला निघतो, चकली पडते, आणि पुढच्या दिवाळीला तो कुठे ठेवला होता हे सगळ्यांना आठवतं.

सगळं ठेवा असा माझा आग्रह नाही. माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली भांडी हा वारसा नाही, ती फक्त लांबणीवर टाकलेली फेकाफेक आहे. मार्गारेटा मॅग्नसन या स्वीडिश चित्रकर्तीने २०१७ साली आपल्या वस्तू हयातीतच आवरण्याबद्दल पुस्तक लिहिलं, त्यातला एक विचार आपण जरूर घ्यावा : जी वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडेल ती मरणाआधी आपल्या हाताने, तिची हकिकत सांगून द्यावी. आपल्याकडे हे होत नाही. आई-वडील गेल्यावर तेराव्यानंतर भाऊ-बहिणी घाईने डबे वाटून घेतात आणि कोणता डबा कोणाच्या लग्नातला हे सांगणारं माणूस तोवर गेलेलं असतं. घरात विळ्या तीन असतील तर दोन अशा माणसाला द्या ज्याला विळीवर चिरायची सवय आहे. भंगारात घालणं आणि योग्य हातात देणं यात फार अंतर आहे.

तेव्हा नवं घर करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. इंटिरिअरवाल्याने पहिला आराखडा दाखवला की त्याला रंग आणि लाइट विचारू नका. घरातल्या प्रत्येक माणसाला, मोलकरणीच्या वेळा सांभाळत स्वयंपाक करणाऱ्या सुनेला, निवृत्त सासऱ्याला, दहावीतल्या मुलीला, तुला हाताने काय करायला आवडतं आणि त्यासाठी काय लागतं, हे विचारा. त्या उत्तरांप्रमाणे फळ्या, खिडक्या आणि प्लग पॉइंट ठरवा. मग आई-वडिलांना घेऊन माळ्यावर चढा, एकेक वस्तू खाली काढा, तिची हकिकत लिहून घ्या आणि ती या नव्या कोपऱ्यांपैकी कुठे कामाला लागेल ते ठरवा. जी कुठेच लागणार नाही ती तिचा वापर करणाऱ्याला द्या. सोफा शेवटी घ्या, उरलेल्या जागेत मावेल एवढाच. आणि ज्याने जुनी वस्तू मागितली, तिची देखभाल त्याच्याच नावावर टाका.